परिचारिका आजारी पडते तेव्हा

१

मराठी वाङ्मयात परिचारिका सहसा आजारी पडत नाही. ती रात्ररात्र जागते, कपाळावरच्या पट्ट्या बदलते, मरणाऱ्याचा हात हातात घेते, क्वचित एखाद्या रुग्णाच्या प्रेमात पडते आणि प्रसंगी रोग्याचा रोग अंगावर घेऊन प्राणही देते. मात्र स्वतःच तापाने फणफणलेली, खाटेवरून बेल दाबणारी, बेल दाबूनही कोणी येत नाही म्हणून संतापलेली परिचारिका आमच्या वाचनात जवळजवळ आलेली नाही. ज्या व्यक्तीला रुग्णालय सर्वाधिक ठाऊक असते, तीच रुग्ण म्हणून वाङ्मयात अनुपस्थित असावी, हा योगायोग आहे असे आम्हांला वाटत नाही. ‘सेवा’ या शब्दाभोवती आपण जी भाषा रचली आहे, तिच्यात सेवा करणारीला सेवा मागण्याची जागाच ठेवलेली नाही, असे आमचे प्रतिपादन आहे. प्रस्तुत लेखात ते आम्ही प्रामुख्याने अरुणा शानभाग यांच्या प्रकरणाच्या आधारे मांडणार आहोत.

मंडणगडला बसून परळच्या रुग्णालयाविषयी लिहिण्याचे कारण सांगितले पाहिजे. गिरणगावात चाकरीला गेलेल्या कोकणी माणसाच्या जगात परळचे के. ई. एम. रुग्णालय हे नेहमीच गावाचेच एक लांबचे टोक राहिले आहे. तालुक्यात निभणार नाही असा आजार झाला की म्हाप्रळ-आंबेतच्या वाटेने किंवा महाडवरून मुंबई गाठायची आणि कोणा नातेवाइकाच्या खोलीत उतरून ‘केईएम’मध्ये नंबर लावायचा, हा क्रम येथील अनेक घरांना पाठ आहे. शिवाय आमच्या वर्गातील कितीतरी मुली बारावीनंतर परिचर्येच्या अभ्यासक्रमांकडे वळतात. त्यांना आपण कोणती भाषा देऊन पाठवतो, हा मराठीच्या अध्यापकांपुढचा प्रश्न आहे.

२

परिचारिका रुग्ण होते तेव्हा नेमके काय होते? तालुक्यातील एका निवृत्त परिचारिकेने आम्हांला सांगितलेला अनुभव अगदी साधा आहे. एका मोठ्या रुग्णालयात त्या शस्त्रक्रियेनंतर पडून होत्या. सलाइनची सुई शिरेतून सरकल्याचे त्यांच्या लक्षात आले. हाताला थंडावा जाणवत होता, सूज चढत होती. तीसपेक्षा अधिक वर्षे त्यांनी हेच पाहिले होते. त्यांनी तसे सांगितले तेव्हा उत्तर मिळाले, “मावशी, तुम्ही आता पेशंट आहात, ड्यूटीवर नाही.” सुई बदलली गेली ती बऱ्याच वेळाने, हात कोपरापर्यंत टम्म फुगल्यावर. सुजेचे त्यांना फारसे काही वाटले नव्हते. आपल्याला कळते आहे, याचीच समोरच्या मुलीला अडचण वाटली, हे मात्र त्या विसरलेल्या नाहीत.

या प्रसंगात दुष्टावा कोणाचाच नाही, म्हणूनच तो विचारार्ह आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण दिले आहेत. रोग्याच्या चार गुणांपैकी एक आहे ज्ञापकत्व, म्हणजे आपल्याला काय होते आहे ते नीट सांगता येणे. त्या जुन्या ग्रंथकाराने रोग्याच्या बोलण्याला उपचाराच्या रचनेतच स्थान दिले होते. परिचारिका रुग्ण होते तेव्हा हे ज्ञापकत्व पराकोटीला पोचलेले असते. आपल्या शरीराची बातमी ती नेमक्या शब्दांत देऊ शकते. आणि नेमक्या त्याच वेळी तिचे सांगणे ‘ढवळाढवळ’ ठरते. सामान्य रुग्णाचे ऐकले जात नाही, कारण त्याला काही कळत नाही असे गृहीत धरलेले असते. परिचारिकेचे ऐकले जात नाही, कारण तिला कळते. दोन्ही बाजूंनी न ऐकणे मात्र कायम राहते.

जी परिचारिका बोलू शकते तिची ही स्थिती असेल, तर जिची वाचाच हिरावली गेली तिचे काय झाले, हे आता पाहू.

३

अरुणा रामचंद्र शानभाग या मूळच्या कर्नाटकातील हळदीपूरच्या. जन्म १९४८चा. के. ई. एम.मध्ये त्या कनिष्ठ परिचारिका होत्या आणि ज्या विभागात कुत्र्यांवर शस्त्रक्रियेचे प्रयोग होत, तेथे काम करीत. त्याच रुग्णालयातील एका डॉक्टरांशी त्यांचे लग्न ठरले होते. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी, काम संपवून तळघरात कपडे बदलत असताना, तेथील एका सफाई कामगाराने त्यांच्यावर हल्ला केला. कुत्र्याला बांधायच्या साखळीने गळा आवळला आणि लैंगिक अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायू तुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सापडल्या. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने मृत्यू होईपर्यंत, साडेएक्केचाळीस वर्षे, त्या त्याच रुग्णालयात रुग्ण होत्या.

हा तपशील बहुतेकांना ठाऊक आहे. ज्याची चर्चा कमी झाली तो भाग पुढचा आहे. पिंकी विराणी यांच्या १९९८च्या इंग्रजी पुस्तकातून ही हकीकत सर्वदूर पोचली. फिर्याद दाखल झाली ती जबरी चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाची. लैंगिक अत्याचाराचा उल्लेख रुग्णालयाच्या प्रमुखांनी नोंदीत येऊ दिला नाही. ठरलेल्या लग्नाचे काय होईल, ही काळजी त्यामागे होती. परिणामी हल्लेखोराला शिक्षा झाली ती चोरी आणि हल्ल्याबद्दल, सात-सात वर्षांची, एकत्र भोगायची. १९८०मध्ये तो सुटला. त्या काळच्या कायद्यात बलात्काराची व्याख्या इतकी अरुंद होती की हा अत्याचार तिच्यात बसलाही नसता. ती व्याख्या २०१३मध्ये रुंदावली. परंतु ‘अनैसर्गिक कृत्या’चे कलम तेव्हाही उपलब्ध होते, आणि तेही लावले गेले नाही.

ही हकीकत सांगताना ‘तिच्या अब्रूसाठी’ असे एक हळुवार वाक्य बहुधा जोडले जाते. आमचा आक्षेप या हळुवारपणावर आहे. केसपेपर हा रुग्णाविषयीचा पहिला लेख असतो. आपल्या जखमेचे नाव तेथे खरे लिहिले जावे, हा रुग्णाचा सर्वांत पहिला हक्क होय. ज्या परिचारिकेने दुसऱ्यांच्या तापाचे, नाडीचे, लघवीचे आकडे दिवसरात्र खरे लिहिले, तिच्यावरील अत्याचार मात्र नोंदींतून गाळला गेला. गाळणारे शत्रू नव्हते, हितचिंतक होते. स्त्रीच्या शरीराला काय झाले यापेक्षा तिच्या लग्नाचे काय होईल याची नोंद महत्त्वाची मानणारी ही वत्सल दृष्टी आपल्या कौटुंबिक कादंबरीला चांगली परिचित आहे. ती कादंबरीतून रुग्णालयात गेली की रुग्णालयातून कादंबरीत आली, हे ठरवणे कठीण आहे. रुग्ण म्हणून अरुणा शानभाग यांची पहिली निराशा येथे, केसपेपरवर, झाली.

४

येथे एक आक्षेप हमखास येतो आणि तो गंभीर आहे. अरुणा शानभाग यांना जी शुश्रूषा मिळाली तशी देशात क्वचितच कोणाला मिळाली असेल. इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही त्यांना शय्याव्रण झाले नाहीत, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने घेतली. मग तुम्ही निराशा कसली म्हणता?

त्यांना मिळालेली शुश्रूषा असामान्य होती, याबद्दल आमचे दुमत नाही. पण ती दिली कोणी? शय्याव्रण होऊ नयेत यासाठी रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी, कातडी कोरडी ठेवावी, चादरीला सुरकुती पडू देऊ नये, असा परिचर्येचा नियम आहे. निव्वळ हिशेबापुरते पाहिले तर दिवसाला १२ वेळा, वर्षाला ४,३८० वेळा, आणि साडेएक्केचाळीस वर्षांत एक लाख ऐंशी हजारांहून अधिक वेळा. हे काम वॉर्ड क्रमांक ४च्या परिचारिकांनी पिढ्यानपिढ्या केले. ज्यांनी त्यांना हिंडताफिरताना कधी पाहिले नव्हते, ज्यांचा जन्म १९७३नंतरचा होता, अशांनीही केले. हल्ल्यानंतर संप केला तोही परिचारिकांनीच : त्यांच्यावरील उपचारांसाठी आणि स्वतःच्या कामाच्या जागी सुरक्षितता मिळावी म्हणून. पुढे १९८०च्या दशकात महापालिकेने खाट मोकळी करण्यासाठी त्यांना अन्यत्र हलवण्याचे दोन प्रयत्न केले; तेही परिचारिकांच्या विरोधामुळे सोडून द्यावे लागले.

म्हणजे या एकाच प्रकरणात दोन वेगळ्या गोष्टी घडत होत्या. एका बाजूला सहकारी बायका आपल्यातल्या एकीला जपत होत्या. दुसऱ्या बाजूला संस्था नोंद गाळत होती आणि खाट मोजत होती. पहिल्या गोष्टीचे श्रेय दुसऱ्या गोष्टीच्या खात्यावर जमा करायचे, हीच ती लबाडी जी ‘सेवाभाव’ या शब्दामुळे सोपी होते. ‘आमच्या रुग्णालयाने तिला बेचाळीस वर्षे सांभाळले’ या वाक्याचा कर्ता तपासून पाहावा. व्याकरण शिकवणाऱ्यांना हे सांगायला नको. सांभाळले ते परिचारिकांनी, आणि अनेकदा व्यवस्थेशी भांडून.

मग वाङ्मयाने आणि विचारवंतांनी या प्रकरणातून काय घेतले? गुजरातीत हरकिसन मेहता यांची ‘जड-चेतन’ ही कादंबरी १९८५ची. मराठीत दत्तकुमार देसाई यांनी १९९४-९५च्या सुमारास ‘कथा अरुणाची’ हे नाटक लिहिले. २००२मध्ये विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगमंचावर आले. या कृतींचे मूल्यमापन येथे अभिप्रेत नाही. रंगभूमीने हा विषय हाताळला, हे तिचे श्रेयच आहे. आमचे भांडण त्यानंतरच्या चर्चेशी आहे. ७ मार्च २०११ रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ज्ञानसुधा मिश्रा यांच्या खंडपीठाने विराणी यांची याचिका फेटाळली; मात्र ठरावीक परिस्थितीत आणि उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवनाधार काढून घेण्याची वाट खुली केली. त्या दिवसापासून अरुणा शानभाग हे नाव ‘दयामरण : योग्य की अयोग्य?’ या वक्तृत्वस्पर्धेच्या विषयाचे उपशीर्षक बनले. जगावे की मरावे हा प्रश्न भव्य आहे, तात्त्विक आहे, त्यावर टाळ्या मिळतात. परिचारिकेला कपडे बदलायला तळघरात का जावे लागत होते, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. वास्तविक पहिल्या प्रश्नाची वेळ आली ती दुसरा प्रश्न कोणी वेळेवर विचारला नाही म्हणून.

त्या निकालपत्राचा जो भाग साहित्याच्या विद्यार्थ्याने वाचायला हवा, तो तर चर्चेत आलाच नाही. रुग्णालयाच्या निवेदनांत आणि न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांच्या अहवालात बारीक निरीक्षणे आहेत : त्यांना मासे आवडतात, चिकन सूप आवडते, आवडीचे दिले की चेहऱ्यावर हसू दिसते, खोलीत गर्दी झाली की त्या अस्वस्थ होऊन आवाज करतात, गर्दी हटली की शांत होतात. त्या आवाजांचे अर्थ परिचारिकांना कळत. ज्या व्यक्तीला भाषा उरली नव्हती, तिच्या आवाजांचा एक कोशच या बायकांनी इतक्या वर्षांत मनात तयार केला होता. न्यायालयाने अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांना दिला, तो याच नात्याच्या आधारे. या आकलनाचे शास्त्रीय मोल काय, यावर वैद्यकात मतभेद असू शकतात. ऐकण्याची कृती म्हणून त्याचे मोल नाकारता येत नाही.

५

ऐकणे हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो. ‘शुश्रूषा’ हा शब्द संस्कृत ‘श्रु’ धातूच्या इच्छार्थक रूपापासून आला आहे. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. आज्ञा ऐकण्याची तत्परता या वाटेने त्याला सेवा, चाकरी हा अर्थ आला, आणि आज मराठीत तो रोग्याच्या देखभालीपुरता उरला आहे. या शब्दाचा आणखी एक पत्ता आहे. मनुस्मृतीत शूद्राचे एकमेव कर्म म्हणून जे सांगितले आहे, तेही शुश्रूषाच. वरच्या तिन्ही वर्णांची, आणि तीही असूया न धरता, म्हणजे कुरकुर न करता.

एकाच शब्दाचे हे दोन वारसे आहेत. एक, समोरच्याचे ऐकण्याची इच्छा. दुसरा, तक्रार न करता खालच्या जागी राहणे. परिचारिकेविषयीच्या आपल्या वाङ्मयीन भाषेने पहिला वारसा गमावला आणि दुसरा जपला, असे आम्हांला म्हणायचे आहे. ‘हसतमुख’, ‘अबोल’, ‘सोशिक’, ‘समर्पित’ ही परिचारिकेची ठरीव विशेषणे पाहा. यांतले एकही विशेषण तिच्या कौशल्याविषयी नाही. सगळी तिने कुरकुर करू नये याविषयी आहेत. जी कुरकुर करणार नाही अशा बोलीवरच आपण जिला देवी केले, ती आजारी पडून तक्रार करू लागली की आपली अडचण होते. देवीला नैवेद्य दाखवता येतो, तिला वेळेवर वेदनाशामक द्यावे लागत नाही.

मंडणगडातून हे लिहिताना भूगोलाचे एक स्मरण टाळता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे याच तालुक्यातले. आणि सावित्रीपलीकडच्या महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी त्यांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. त्या दहनाच्या पुढच्याच वर्षी, १९२८मध्ये, मुंबई कायदे मंडळात ते कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या विधेयकाच्या बाजूने बोलले. बाळंतपणाच्या काळात आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार सरकारने उचलला पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. १९२९मध्ये तो कायदा झाला. या दोन घटना आपण सहसा वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवतो. आम्हांला त्या एकाच युक्तिवादाच्या दोन पायऱ्या वाटतात. आधी ‘कुरकुर न करता सेवा’ हा धर्म नाकारला गेला, आणि मग काम करणाऱ्या बाईच्या शरीराची काळजी ही दयेच्या यादीतून काढून हक्काच्या यादीत लिहिली गेली. परिचारिकेच्या बाबतीत मराठी वाङ्मय अजून पहिल्याच पायरीवर घुटमळते आहे.

६

हा नियम परिचारिकेपुरता नाही. शुश्रूषा करणारी कोणतीही स्त्री आपल्या चरित्रवाङ्मयात रुग्ण होत नाही. ती थेट हुतात्मा होते. १८९७च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले, हे चित्र आपल्या मनावर कोरलेले आहे. त्यातूनच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पाठीवर मूल घेतलेल्या सावित्रीबाई आणि निधन पावलेल्या सावित्रीबाई यांच्यामध्ये अंथरुणावर पडलेल्या सावित्रीबाई आहेत. त्या दिवसांविषयी आपले सांगणे एका वाक्यात आटोपते. आनंदीबाई जोशी परिचारिका नव्हत्या, डॉक्टर होत्या. १८८६मध्ये पदवी घेऊन त्या परतल्या त्याच क्षयाने ग्रासलेल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक कागदावर राहिली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, पुण्यात त्या वारल्या. मायदेशी त्यांनी डॉक्टर म्हणून नव्हे, रुग्ण म्हणूनच अखेरचे महिने काढले. परंतु श्री. ज. जोशी यांच्या १९६८च्या गाजलेल्या कादंबरीचे शीर्षकच सांगते की आपले कुतूहल एका दांपत्याविषयी होते. स्वतःच्या शरीरात काय चालले आहे हे ज्ञानाने ओळखणाऱ्या आणि तरी उपायहीन असलेल्या त्या तरुण डॉक्टरचे अखेरचे महिने मराठी कल्पनाशक्तीला पुरेसे खुणावले नाहीत.

याउलट उदाहरण दूरचे आहे, पण आपण ते अर्धेच वाचले आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की आपल्याला हातात दिवा घेऊन फिरणारी स्त्री आठवते. ते क्रिमियन युद्धाच्या काळातले चित्र १८५४ ते १८५६चे. १८५७मध्ये ती स्वतः कोसळली आणि पुढची कित्येक वर्षे बहुतांशी खोलीत, खाटेवर काढली. आधुनिक परिचर्येचा पायाभूत मानला जाणारा तिचा ग्रंथ १८५९-६०चा, म्हणजे ती रुग्ण असतानाचा. त्या ग्रंथात औषधांपेक्षा अधिक काय आहे? रोग्याच्या दाराबाहेर दबक्या आवाजात बोलणाऱ्यांचा त्रास, अवेळी होणारा खडखडाट, भेटायला येणाऱ्यांच्या पोकळ आशा आणि फुकटचे सल्ले, रोज तीच भिंत पाहून येणारा थकवा. खाटेवर पडल्याशिवाय हे इतक्या नेमकेपणाने कोणाला सुचेल? परिचर्येचे शास्त्र एका आजारी परिचारिकेच्या कुरकुरीतून उभे राहिले, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त होणार नाही. आपण तिच्या हातातला दिवा तेवढा उचलला आणि कुरकूर गाळली.

७

आणखी दोन आक्षेपांची दखल घेऊ.

पहिला अनुभवाचा आहे. सरकारी रुग्णालयांतील परिचारिका रुग्णांवर खेकसतात, मग त्यांच्या वाट्याला तेच आले तर एवढा गहिवर कशाला? खेकसतात हे नाकारण्यात अर्थ नाही. आमच्या घरातील माणसांनीही ते ऐकले आहे. परंतु भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. कोणत्याही सार्वजनिक रुग्णालयाच्या वॉर्डात उभे राहून खाटा आणि परिचारिका स्वतः मोजाव्यात, आणि मग ऐकण्याला किती मिनिटे उरतात याचा हिशेब करावा. ‘समर्पण’ हा शब्द या तुटीवर घातलेले पांघरूण आहे. परिचारिकेच्या निराशेविषयी बोलणे हे इतर रुग्णांच्या विरोधात जात नाही. दोघांच्याही वाट्याला येणारे न ऐकणे एकाच जागी तयार होते.

दुसरा आक्षेप आमच्या व्यवसायबंधूंचा. हा कामगार संघटनांचा विषय आहे, साहित्याच्या अभ्यासकांनी यात का पडावे? त्यांना काही तारखा शेजारीशेजारी ठेवून पाहण्याची विनंती आहे. २२ मार्च २०२० रोजी देशाने सायंकाळी पाच वाजता टाळ्या-थाळ्या वाजवल्या. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मुंबई सेंट्रल भागातील एका खासगी रुग्णालयात २६ परिचारिका आणि ३ डॉक्टर कोरोनाबाधित आढळल्याने ते रुग्णालय बंद करावे लागले. पुरेशी संरक्षक साधने मिळाली नाहीत, अशी तक्रार परिचारिकांच्या संघटनेने जाहीरपणे केली. ३ मे रोजी रुग्णालयांवर हेलिकॉप्टरमधून फुले पडली. टाळ्या आणि फुले ही भाषाच आहे, अलंकार आहे. तो अलंकार कोणत्या वस्तुस्थितीच्या जागी वापरला गेला, हे सांगणे साहित्याच्या अभ्यासकाचे काम नसेल तर कोणाचे? पुढे ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका प्रशिक्षणार्थी डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला. २० ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणी राष्ट्रीय कृतिदल नेमताना अरुणा शानभाग यांचे नाव घेतले आणि फिर्याद नोंदवायला उशीर का झाला, असेही विचारले. पन्नास वर्षांनंतर पुन्हा नोंदीचाच प्रश्न पुढे आला. आणि दोन्ही वेळा ती जागा रात्री थांबणाऱ्या बाईला विश्रांतीची किंवा कपडे बदलण्याची सुरक्षित खोली नसलेले रुग्णालय होती.

आमच्या मागण्या मर्यादित आहेत आणि त्या आम्ही साहित्याच्या वर्गापुरत्याच करतो. ‘परिचारिका : सेवेची मूर्ती’ या धर्तीचे निबंध आणि वक्तृत्वाचे विषय बंद व्हावेत, द्यायचाच असेल तर ‘रुग्णालयात माझे कोणी ऐकले नाही तेव्हा’ हा विषय द्यावा आणि तो लिहायला एखाद्या निवृत्त परिचारिकेची मुलाखत घ्यायला सांगावे. दयामरणावरील चर्चेआधी विद्यार्थ्यांनी २०११च्या निकालपत्रातील अरुणा शानभाग यांच्या दिनक्रमाविषयीची पाने वाचावीत. आत्मचरित्रांच्या अभ्यासात कामगार, शिक्षिका, नट्या यांच्याबरोबर परिचारिकांच्या लेखनाचा शोध घ्यावा, आणि ते अल्प असेल तर ते लिहून घ्यावे. मौखिक इतिहासाच्या नावाने आपण एरवी बरेच काही गोळा करतो. ज्यांनी वॉर्ड क्रमांक ४मध्ये तो आवाजांचा कोश मनात जपला, त्यांपैकी कित्येक जणी आता निवृत्त झाल्या आहेत. त्यांच्या आठवणी लिहून घ्यायला जावे तर फार थांबून चालणार नाही.